थडीचं शेत कोणाच्या वाट्याला? निफाडच्या गोदाकाठची एक वाटणी

प्रकरण पाच एकरांचं आहे. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठावर, चांदोरी-सायखेड्यापासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंतच्या पट्ट्यातलं एक गाव. वडील वारले, सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि एका बहिणीचं नाव लागलं. २०२३ च्या दिवाळीनंतर भावांनी वाटणी करायची ठरवलं. तीन एकर वरच्या अंगाला, मळ्यात. दोन एकर खाली नदीला लागून, थडीला. घरात भांडण नव्हतं, कोर्टकचेरीची भाषा नव्हती, तरी बोलणी महिनाभर अडून राहिली. अडलं एकाच ठिकाणी: थडीचा एक एकर म्हणजे मळ्याचे किती गुंठे?

गावाचं नाव दिलेलं नाही. या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत सारखं आढळतं ते एकत्र करून हे कुटुंब मांडलं आहे. नदी, धरणं, तारखा आणि कायदे मात्र जसेच्या तसे आहेत. थोरल्या भावाला सगळे आबा म्हणतात, धाकट्याला नाना. बहीण येवल्याकडे दिलेली, ती आक्का.

पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे

निफाड हा तसा कमी पावसाचा तालुका. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पण या गावाला बुडवणारा पाऊस इथं पडतच नाही. तो पडतो त्र्यंबकच्या डोंगरात आणि इगतपुरीच्या घाटमाथ्यावर. इगतपुरीची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे. तिकडून गोदावरीचं पाणी गंगापूर धरणातून आणि दारणेचं पाणी दारणा धरणातून खाली सुटतं. दारणासांगवीजवळ दोन्ही एक होतात आणि पुढच्या सपाटीत पसरतात. गावात ऊन पडलेलं असतं, सोयाबीनला पाणी हवं म्हणून माणसं आभाळाकडे बघत असतात आणि मोबाईलवर निरोप येतो की गंगापूरमधून विसर्ग वाढवला. मग दुपारपासून नदीकाठी एकच धावपळ.

ती धावपळ असते मोटारी काढायची. काठावर ओळीनं पाण्याच्या मोटारी बसवलेल्या असतात. पाइप, केबल, स्टार्टरची पेटी हे सगळं ट्रॅक्टरनं ओढून वर आणायचं. एखादी मोटार पाण्याखाली गेली तर वायंडिंगचा खर्च आणि पुढचे पंधरा दिवस पाण्याविना. या भागातल्या पोरांना क्युसेकचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटलं त्याचे, आकडे तोंडपाठ असतात, आणि किती हजाराला कोणाच्या बांधापर्यंत पाणी येतं हा हिशेब कोणत्याही पूररेषेच्या नकाशापेक्षा बारीक असतो.

पूर इथं नुसता वरून येत नाही. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, तिथून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याकडची शेती उभी राहिली. त्याच ठिकाणी कादवा गोदावरीला मिळते. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे इतका गाळ साचला की पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, त्यांवर झाडी वाढली, परदेशी पाखरं यायला लागली. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये हे ठिकाण महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. पाखरांसाठी उत्तम. काठावरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र हा फुगवटा. वरून लोंढा आला, त्याच वेळी कादवाही भरून आली, की गोदावरीचं पाणी पुढे सरकायचं सोडून मागे दाबतं. म्हणून थडीच्या शेतात पाणी आधी नदीच्या बाजूनं येत नाही, मागच्या नाल्यातून उलटं चढतं. बाहेरच्या माणसाला हे सांगूनही खरं वाटत नाही.

४ ऑगस्ट २०१९ ला नांदूर मध्यमेश्वरमधून अडीच लाख क्युसेकच्या पुढे विसर्ग गेला. साडेअकरा हजार क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं तर साधारण एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतं. म्हणजे अडीच लाखांच्या वेगानं एका दिवसात एकवीस टीएमसीच्या वर पाणी निघून जाईल, आणि अख्खं गंगापूर धरण सहा टीएमसीच्याही आतलं आहे. चांदोरी-सायखेडा गावांत त्या दिवशी घरांत पाणी होतं, शिवाराचं तर विचारूच नका.

दोन तुकडे, दोन स्वभाव

मळ्यातल्या तीन एकरांपैकी दीड एकर द्राक्षबाग आहे, बाकी दीड एकरात पावसाळ्यात सोयाबीन किंवा मका, त्यामागे कांदा नाहीतर गहू. विहीर आहे, ती फेब्रुवारीपर्यंत टिकते. आबांचं घरही मळ्यातच आहे, कारण २०१६ च्या पुरानंतर गावठाणातल्या बऱ्याच घरांनी वस्ती वर नेली. नाना आणि आई अजून गावात.

थडीची जमीन खोल, काळी, वर दर काही वर्षांनी मळीचा नवा थर. माती अशी की खताची गोणी कमी टाकली तरी पीक रागावत नाही. जुनी माणसं ही जमीन खरिपात मोकळी ठेवायची. पूर येऊन गेला, पाणी ओसरलं, वाफसा आला की हरभरा आणि गहू पेरायचा. निफाडची थंडी गव्हाला मानवते, कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र उगाच या तालुक्यात नाही. त्या रीतीत पुरानं नुकसान होण्यासारखं शेतात काही उभंच नसायचं.

ही रीत मोडली पाइपलाइननं. नदीवर मोटार बसली, बारमाही पाणी झालं, मग दोन एकर पावसाळाभर मोकळे ठेवणं परवडेना. आधी ऊस आला. तालुक्यातले साखर कारखाने जोरात असताना ऊस सोयीचा होता. नंतर कारखाने डबघाईला आले, काही बंद पडले, काही भाड्यानं चालायला लागले, तोड कधी मिळेल याची खात्री राहिली नाही. शेजारी सगळीकडे द्राक्षबागा उभ्या राहत होत्या. वडिलांनी थडीतल्या एका एकरात बाग लावली.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये बागेत पाणी आलं आणि लवकर उतरलं. बाग वाचली, आणि तेच घातक ठरलं. कारण आता थडीत बाग टिकते असा सगळ्यांचा समज झाला. २०१९ ला पाणी हललंच नाही. ऑगस्टमध्ये बाग उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरच्या अवस्थेत असते, काडी पिकत असते, आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काडीच्या डोळ्यांत तोवर ठरून गेलेले असतात. मुळं दिवसचे दिवस पाण्यात राहिली, पानांवर गाळ बसला, पानं झडली. त्यात पाणवेली. नाशिकच्या सांडपाण्यावर पोसलेली ही वेल पुरात गठ्ठ्यांनी वाहत येते, पुलाला अडकते, शेतात शिरते. मांडवाच्या तारांवर ती अडकली आणि तिच्या वजनानं अँगल वाकले. पाणी उतरल्यावर बाग म्हणजे ओल्या घोंगडीसारखी लोंबत होती. वडिलांनी फळासाठीची ऑक्टोबरची छाटणी घेतलीच नाही. जेसीबी लावून बाग काढली आणि पुढच्या वर्षी ऊस लावला. तेव्हापासून थडीत ऊसच आहे, फुले २६५ जातीचा. ओली, थोडी चोपणलेली जमीनही तो सहन करतो.

भरपाईचं सांगायचं तर पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघं येतात आणि नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर असेल तरच मदत बसते. बागेची बसली. गाळ काढायची मदत वेगळी असते, पण त्यासाठी थर तीन इंचांहून जाड हवा. इथला थर पातळ होता, आणि खरं म्हणजे तो कोणाला काढायचाही नव्हता. बारीक गाळ म्हणजे फुकटचं खत. वाळू पसरली असती तर गोष्ट निराळी. मदतीच्या नियमांत हा फरक करता येत नसावा, शेतकरी मात्र पहिल्या मुठीत करतो.

ते पंधरा दिवस

वाटणीची बोलणी नेमकी कोणत्या आठवड्यांत झाली याला महत्त्व आहे, कारण दर बैठकीत थडीचा भाव बदलत गेला.

२०२३ ला मराठवाड्यात पाऊस कमी झाला होता. समन्यायी पाणीवाटपाच्या २००५ च्या कायद्याखाली तेव्हा असा नियम होता, की पैठणच्या जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्याला पासष्ट टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. त्या वर्षी ८.६ टीएमसीचा आदेश निघाला. त्यात मुळा-प्रवरेच्या धरणांबरोबर गंगापूर आणि दारणा समूहही होते, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणी सुटलं. २०१५ आणि २०१८ सालीही असं झालं होतं. असं पाणी निघालं की वाटेत कोणी उपसू नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. नदी तुडुंब वाहत असते, ऊस पाण्याला आलेला असतो आणि मोटार मुकी. पैठणच्या पलीकडे पिण्याच्या पाण्याची मारामार असते हे इथल्या लोकांना कळत नाही असं नाही. पण शेताच्या बांधावरून जाणारं पाणी आपलं नाही हे पचवायला प्रत्येक वेळी जड जातं. पावसाळ्यात नदी नको असताना घरात येते, हिवाळ्यात हवी असताना हात लावू देत नाही.

पहिल्या बैठकीत म्हणून नानांचं म्हणणं असं, की थडीला पुराची भीती आहे, वर पाण्याचीही खात्री नाही. तेव्हा थडीचे दोन एकर म्हणजे मळ्याचा एकच एकर धरा. आबांना ते मान्य होत आलं होतं. त्यांना बागेसकट मळा हवा होता, आणि नानांना खालचे दोन एकर अधिक मळ्याचा उघडा तुकडा असं काहीतरी गणित बसत होतं.

२६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाड तालुक्यातल्या द्राक्षांची त्या दिवशी जी दशा झाली ती अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. आबांच्या दीड एकरातले घड फुटले, उरलेल्यांवर डावणी हा बुरशीचा रोग आला. थडीतल्या उसाची पानं फाटली, एवढंच. लगेच भाषा फिरली. आता आबा म्हणायला लागले, "बाग म्हणजे जुगार आहे. नाना, तू थडी घेतोस आणि निवांत बसतोस."

त्यात ८ डिसेंबरपासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. मळ्याच्या उघड्या दीड एकरात कांदाच होता. लासलगावला भाव कोसळला, लिलाव बंद पडले, रस्ता रोको झाले. दोन आठवड्यांत मळ्याची किंमत उतरली आणि थडीची चढली, जमीन आपली जिथल्या तिथं. पंच म्हणून बसलेले चुलते शेवटी वैतागून म्हणाले, "तुम्ही शेत वाटताय का बाजार?"

जुनी पद्धत का चालली नाही

आजोबांच्या पिढीत हा प्रश्न आला तेव्हा उभ्या पट्ट्या पाडल्या होत्या. नदीपासून वर टेकापर्यंत प्रत्येकाला थडीही आणि मळाही. पूर आला तर सगळ्यांचं सारखं बुडेल, नाही आला तर सगळ्यांना सारखं पिकेल. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. काय होईल हे सांगता येत नसताना शेताची किंमत ठरवत बसण्याऐवजी त्यांनी जोखीमच वाटून घेतली.

या वेळी चुलत्यांनी तेच सुचवलं. पण मळा आणि थडी आता एकाला एक लागून नाहीत, मध्ये भाऊबंदांची शेतं आणि रस्ता आहे. दोन एकरांच्या थडीत लांबच्या लांब दोन पट्ट्या पाडल्या तर बांधात जमीन जाणार आणि ट्रॅक्टर वळवायला जागा राहणार नाही. ऊसतोडीची गाडी दुसऱ्याच्या उसातून काढायची का? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण नव्हती. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, दहा गुंठ्यांवर आणलं होतं. कायद्यात बसत होतं, नांगरात बसत नव्हतं.

आक्काचा प्रश्न

आतापर्यंतच्या बोलण्यात आक्काचं नाव फक्त हक्कसोडपत्रापुरतं आलं होतं. ती येईल, जेवेल, सही करेल, साडी घेऊन जाईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. गावोगाव हेच चालतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे, २००५ ला कायदा सुधारला तेव्हा वडील हयात नसले तरीही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी हक्कसोडपत्राची रीत तशीच आहे, आणि सही न करणारी बहीण माहेराला दुरावते ही भीतीही तशीच. एका भाऊबंदानं हसत हसत सुचवलंही, "आक्काला द्या थडी, म्हणजे प्रश्नच मिटला." म्हणजे बुडणारं शेत बहिणीला. विनोद होता, पण काय सुचतं यावरूनही माणूस कळतो.

आक्का म्हणाली, "चालेल. मला द्या थडी. पण मग मोटारीची जागा माझी आणि पाइप माझ्या शेतातून जाणार. आबाच्या बागेला मार्च-एप्रिलात पाणी कुठून देणार?"

बैठक थांबली ती इथं. मळ्याची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते. पुढे खरड छाटणीला, उन्हाळ कांद्याच्या शेवटच्या पाण्याला नदीचंच पाणी लागतं, आणि ते येतं थडीतल्या मोटारीवरून. पाइपलाइन सात जणांची भागीदारीची, पाळी तासांवर. या घराचा त्यात एक हिस्सा, आणि उपशाची मंजुरी थडीच्या गटनंबरावर. थडी गेली तर मळा फेब्रुवारीपर्यंतचा राहतो. मळा नसेल तर थडीला पुराच्या दिवसांत मोटार ठेवायला, बैल बांधायला, उभं राहायलाही जागा नाही. महिनाभर दोन तुकडे तराजूच्या दोन पारड्यांत घालून भाव ठरवत होते आणि दोन्हींना जोडणारा पाइप कोणाच्या हिशेबात नव्हता. आबा बागेचा माणूस, रोज ते पाणी वापरतो, त्याच्याही नाही. बहुधा म्हणूनच, रोज हाताशी असलेल्या गोष्टीची किंमत कोण काढतं.

नाना काही वेळानं म्हणाले, "आबा, थडी वाटूच नका मग."

ठरलं ते

मळ्याची वाटणी झाली. बागेचा दीड एकर आबांकडे, कारण बागेची कामं, फवारणीचं टायमिंग, व्यापाऱ्यांची ओळख त्यांचीच. उघडा दीड एकर नानांकडे. विहीर दोघांची. बागेवर मांडवाचा खर्च झालेला म्हणून कांदाचाळ नानांना मिळाली.

थडीचे दोन एकर सामायिक ठेवले, आई, आबा, नाना आणि आक्का अशा चौघांच्या नावावर. आक्कानं मळ्यावरचा हक्क सोडला, थडीवरचा ठेवला. यावर भाऊबंदांत बरीच कुजबुज झाली. आईनं एकदाच सांगितलं, "पोरीचं नाव राहू द्या," आणि विषय बंद केला. उसाचं बिल आलं की खर्च जाऊन चार वाटे. आईचा वाटा ती ज्याच्याकडे राहील त्याच्याकडे. पाइपलाइनच्या पाळीत आधी थडीचा ऊस, मग बाग, मग कांदा असा क्रम लिहिला, पण मार्च ते मे बाग आधी. मोटारीच्या जागेचा आणि पाइपचा वहिवाटीचा हक्क वाटणीपत्रात वेगळा घातला, पुढच्या पिढीत कोणी थडी विकायला काढलीच तर तंटा नको म्हणून. हा मुद्दा वकिलाचा, आणि मला वाटतं सगळ्या कागदातला तोच सर्वांत कामाचा.

थडीत बाग लावायची नाही असंही एक कलम आहे. नानांच्या मुलाला ते पटलेलं नाही. त्याच्या मते भराव घालून, गादीवाफे उंच करून बाग जगवता येईल. आबांनी त्याला २०१९ चे मोबाईलमधले फोटो दाखवले.

महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीनं वाटणीचा अर्ज तहसीलला गेला. त्याबरोबर दोन गुंते उरले. एक म्हणजे मोटारीची वीजजोडणी आणि उपशाची मंजुरी दोन्ही अजून वडिलांच्या नावावर. ती सामायिक नावावर करायला सात भागीदारांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक मुंबईला राहतो. दुसरा गुंता भरपाईचा. सामायिक खात्यावर मदत आली की ती एकाच्या खात्यात जमा व्हायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि आक्का येवल्याला. पूर ऑगस्टमध्ये आला तर पंचनाम्याच्या वेळी तिनं यायचं का, की आधीच कोरी संमती देऊन ठेवायची? वकील म्हणाला कोरी नको. आक्काही म्हणाली कोरी नको, मी एसटीनं येईन.

पुराचा निरोप आल्यावर मोटार कोणी काढायची हेही शेवटी कागदावर लिहिलं. ट्रॅक्टर आबांचा, माणसं नानांची, वायंडिंगचा खर्च आला तर निम्मा निम्मा. चुलत्यांना हे कलम पोरकट वाटलं. पण मागच्या पाच वर्षांत दोघा भावांत एकदाच खडाजंगी झाली होती आणि ती याच कारणावरून, त्यामुळे दोघांनीही ते काढू दिलं नाही.